दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढायचा

दोन विमानतळांची नावं टाकून अंतर शोधलं, की पडद्यावर एक आकडा येतो: १,२२० किलोमीटर. त्याखाली वेळही येतो: १ तास ३२ मिनिटं. अंतराचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. वेळेचा आकडा मात्र अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून काढलेला असतो. या हिशेबात विमान उडताक्षणी ८०० च्या वेगात असतं आणि उतरताक्षणी दाराशी उभं असतं, वाटेत वळण नाही, वारा नाही, धावपट्टीसमोर रांग नाही.

मी विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात नोकरी केली. कुठल्या मार्गाने जायचं, किती उंचीवर, इंधन किती भरायचं, उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ कोणता, हे उड्डाणाआधी ठरवून वैमानिकाच्या हाती द्यायचं, हे आमचं काम. ते करताना एक गोष्ट अंगात भिनते. अंतर हा स्थिर आकडा आहे, वेळ हा अंदाज आहे, आणि टप्पा जितका छोटा तितका अंतराचा आणि वेळेचा संबंध सैल. म्हणूनच प्रादेशिक विमानतळांच्या बाबतीत भागाकार सगळ्यात जास्त फसवतो. खरा हिशेब अवघड नाही. कागद, पेन्सिल आणि कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यावर तो होतो.

विमानतळ नक्की करा

हे सांगायची गरज आहे का, असं वाटेल. आहे. एकाच नावाची गावं जगात पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियातलं सिडनी म्हणजे 'एसवायडी' आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं सिडनी म्हणजे 'वायक्यूवाय'. दोन्हींत गल्लत होऊन भलत्या खंडात पोचलेल्या प्रवाशांच्या बातम्या आलेल्या आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ). म्हणून शोधताना गावाच्या नावापेक्षा कोडवर भर द्या. तिकिटावर असतो तो तीन अक्षरी आयाटा कोड. हवाई नकाशांत आणि उड्डाण आराखड्यात असतो तो चार अक्षरी इकाओ कोड. छोट्या विमानतळांना कधीकधी तीन अक्षरी कोड नसतोच, तिथे चार अक्षरी कोडच धरून चालावं लागतं.

अक्षांश-रेखांश कसे वाचायचे

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो. तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरतात, टर्मिनलच्या इमारतीत नव्हे. देशोदेशीच्या हवाई वाहतूक खात्यांच्या प्रकाशनांत तो अंश, मिनिटं, सेकंद अशा रूपात छापतात, आणि इथेच पहिली मोठी चूक होते.

उदाहरण म्हणून नॉर्वेतले दोन विमानतळ घेऊ. बर्गन ६०°१७′३६″ उत्तर, ५°१३′०५″ पूर्व. ट्रॉम्सो ६९°४१′००″ उत्तर, १८°५५′०८″ पूर्व. पुष्कळ जण ६०°१७′ बघून कॅल्क्युलेटरवर ६०.१७ दाबतात. पण एका अंशात ६० मिनिटं असतात. म्हणून ३६ सेकंदांची ०.६ मिनिटं, त्यात १७ मिळवून १७.६, त्याला ६० ने भागून ०.२९३. म्हणजे बर्गनचा अक्षांश ६०.२९३. ६०.१७ लिहिलं असतं तर एवढ्यावरच सुमारे १४ किलोमीटरची चूक झाली असती.

दुसरी चूक चिन्हाची. विषुववृत्ताच्या दक्षिणेचा अक्षांश आणि ग्रिनिचच्या पश्चिमेचा रेखांश उणे लिहायचा. स्कॉटलंडमधलं इन्व्हर्नेस ४.०५ पश्चिम, म्हणजे −४.०५. तिथून बर्गनपर्यंत रेखांशांतला फरक ५.२२ अधिक ४.०५, म्हणजे ९.२७ अंश. उणे चिन्ह विसरलात तर फरक फक्त १.१७ येतो आणि सुमारे ६१४ किलोमीटरचं अंतर ३१३ होऊन बसतं. उत्तर समुद्र अर्धा गायब! अशी चूक कुणी ओरडून सांगत नाही, कारण ३१३ हाही दिसायला शहाणा आकडा आहे. म्हणून हिशेबाआधी एकदा नकाशा डोळ्यांखाली घालावा आणि अंतर अंदाजे किती यायला हवं ते मनाशी ठरवावं. ही सवय मी कामातल्या प्रत्येक नव्या माणसाला आधी लावत असे.

अंतर

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश तसा नाही. विषुववृत्तावर तोही १११ चा असतो, पण ध्रुवांकडे जाताना सगळ्या रेखांशरेषा एकमेकींजवळ सरकत शेवटी एका बिंदूत मिळतात, म्हणून तो लहान होत जातो. किती लहान, ते त्या अक्षांशाचं कोसाइन सांगतं. बर्गन आणि ट्रॉम्सोच्या मधला अक्षांश ६५ धरू. त्याचं कोसाइन ०.४२२६. म्हणजे तिथे रेखांशाचा अंश जेमतेम ४७ किलोमीटरचा.

आता हिशेब. अक्षांशांतला फरक ९.३९ अंश, गुणिले १११.२, म्हणजे १,०४४ किलोमीटर उत्तरेकडे. रेखांशांतला फरक १३.७० अंश, गुणिले १११.२, गुणिले ०.४२२६, म्हणजे ६४४ किलोमीटर पूर्वेकडे. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. पायथागोरसचा नियम लावा: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर १,२२७.

कोसाइनने गुणायचं राहिलं असतं तर पूर्वेची बाजू १,५२३ धरली गेली असती आणि अंतर आलं असतं १,८४७. खऱ्याच्या दीडपट. विषुववृत्ताजवळच्या विमानतळांत ही चूक झाकून जाते, उत्तरेत ती उघडी पडते.

पायथागोरसची ही रीत हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत छान चालते, आणि प्रादेशिक टप्पे बहुतेक त्याच्या आतच असतात. त्याहून लांब जायचं असेल, ध्रुवाजवळ असाल किंवा काटेकोर आकडा हवा असेल, तर हॅव्हरसाइनचं सूत्र वापरा. शब्दांत ते असं: अक्षांशांतल्या फरकाचा अर्धा घ्या, त्याच्या साइनचा वर्ग करा. रेखांशांतल्या फरकाच्या अर्ध्याच्या साइनचा वर्ग करून त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ काढा, त्याचा आर्कसाइन घ्या, दुप्पट करा. उत्तर अंशांत असेल तर १११.२ ने गुणा, रेडियनमध्ये असेल तर पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ किलोमीटरने. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथली साइन-कोसाइनची फलनं रेडियन मागतात, म्हणून प्रत्येक अंशाला आधी ५७.२९५८ ने भागावं लागतं. हे राहिलं की येणारं उत्तर कशाशीच जुळत नाही.

बर्गन-ट्रॉम्सोसाठी या सूत्राने १,२२० येतं. पायथागोरसपासून फक्त सात किलोमीटर दूर. 'हॅव्हरसाइन' हे नाव १८३५ मध्ये जेम्स इनमन यांनी रूढ केलं. त्या काळी जहाजावरचे नाविक याचे छापील तक्ते घेऊन फिरायचे. आज मोबाइलमधलं नकाशाचं अ‍ॅप दोन बिंदूंमधलं अंतर सांगतं तेव्हा आत याच जातीचं गणित चालू असतं. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे (विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७) या सूत्रात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवासाच्या हिशेबात तो सोडून द्या.

पॅसिफिकमधल्या बेटांचे विमानतळ घेतलेत तर १८० अंशांची रेषा मध्ये येते. रेखांशांतला फरक १८० पेक्षा जास्त आला की तो ३६० मधून वजा करा, नाहीतर सूत्राऐवजी पायथागोरसची रीत वापरणाऱ्याचं विमान पृथ्वीला उलटी प्रदक्षिणा घालून येईल.

एककांबद्दल थोडक्यात. विमानांच्या जगात अंतर नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १.८५२ किलोमीटर, आणि तो जवळजवळ अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा आहे. म्हणून १,२२० किलोमीटर म्हणजे ६५९ नॉटिकल मैल. साधे मैल मोजले तर ७५८. कुठेही नुसता 'मैल' दिसला तर कुठला ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विमान सरळ रेषेत जात नाही

आतापर्यंत काढलं ते पृथ्वीच्या पाठीवरचं सगळ्यात जवळचं अंतर, ग्रेट सर्कल अंतर. प्रत्यक्ष विमान त्याहून जास्त उडतं, आणि छोट्या टप्प्यावर प्रमाणात बरंच जास्त.

मोठं कारण धावपट्टी. विमान वाऱ्याला सामोरं उडतं आणि वाऱ्याला सामोरंच उतरतं. समजा तुम्हाला पूर्वेला जायचंय आणि वारा पश्चिमेकडून वाहतोय. विमान आधी पश्चिमेला तोंड करून उडेल, उंची घेईल, मग वळून पूर्वेला लागेल. पोचल्यावरही विमानतळ ओलांडून पुढे जाऊन मागे वळावं लागेल. दोन्ही टोकांना मिळून ४०-५० किलोमीटर सहज वाढतात. १,२०० किलोमीटरमध्ये ते जाणवत नाहीत. २०० किलोमीटरच्या टप्प्यात ते पाव हिस्सा होतात. त्याशिवाय ठरलेल्या वेपॉइंटांवरून (नकाशावरच्या ठरावीक बिंदूंवरून) जायचं असतं, आणि लष्करी सरावासाठी राखलेलं आकाश, डोंगर, ढगांचे गडगडाटी मनोरे, हे सगळं टाळायचं असतं.

मी वापरायची ती ढोबळ फूटपट्टी अशी: हजार किलोमीटरच्या वर ५ टक्के वाढवा, तीनशे ते हजारच्या मध्ये ७ ते १० टक्के, आणि तीनशेच्या आत टक्केवारी सोडून सरळ ४० किलोमीटर मिळवा. त्या हिशेबाने बर्गन-ट्रॉम्सो १,२८१ किलोमीटर होतं.

आकाशच बंद असेल तर मात्र कुठलीच फूटपट्टी चालत नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियोचा प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. दोन्ही शहरं जिथल्या तिथे, ग्रेट सर्कल अंतर तेवढंच.

वेळ: चार ठोके

आता खरा विषय. वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतला नसतो. तो ब्लॉक टाइम असतो: विमान जागेवरून हललं तेव्हापासून पोचून थांबलं तोपर्यंतचा.

आमच्या पडद्यावर प्रत्येक उड्डाणाचे चार ठोके उमटायचे: आउट, ऑफ, ऑन, इन. दारं बंद होतात, चाकांपुढचे चॉक (अडसर) काढतात, पुशबॅकचा ट्रॅक्टर नाकाच्या चाकाला जोडलेला असतो. खाली हेडसेट लावून उभा असलेला माणूस वैमानिकाला सांगतो, ब्रेक सोडा. पार्किंग ब्रेक सुटतो, तो 'आउट'. मग ट्रॅक्टर मागे ढकलतो, इंजिनं सुरू होतात, ट्रॅक्टर सुटतो, विमान स्वतःच्या बळावर टॅक्सीवेवरून धावपट्टीकडे निघतं. धावपट्टीवर वेग घेतं आणि चाकांवरचा भार उतरतो, तो 'ऑफ'. तिकडे उतरताना चाकांवर पुन्हा भार येतो, तो 'ऑन'. जागेवर उभं राहून ब्रेक लागतो, तो 'इन'. आधुनिक विमानांत हे कुणी घड्याळात बघून लिहीत नाही. ब्रेक, दारं आणि चाकांवरच्या भाराचे सेन्सर ते टिपतात आणि एकार्स या विमान-जमीन संदेशयंत्रणेतून संदेश आपोआप जमिनीवर येतो. पडद्यावर 'ऑफ' उमटला की मी पुढच्या विमानाकडे वळत असे. तो क्षण आम्हा सगळ्यांना प्रिय होता.

आउट ते ऑफ आणि ऑन ते इन हा वेळ अंतरावर अवलंबून नाही. छोट्या विमानतळावर दोन्ही मिळून दहा मिनिटांत आटपतं, गजबजलेल्या मोठ्या विमानतळावर नुसतं धावपट्टीपर्यंत पोचायलाच वीस मिनिटं जातात.

ऑफ ते ऑन यातही सगळा वेळ पूर्ण वेगाचा नसतो. बहुतेक ठिकाणी १०,००० फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) मर्यादा असते. जेट विमानाला ३६,००० फुटांपर्यंत चढायला साधारण वीस मिनिटं लागतात. उतरण्याचा वैमानिकांचा जुना हिशेब असा, की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३६,००० फुटांसाठी १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किलोमीटर. म्हणजे टोकियो असो की पलीकडचं गाव, त्या उंचीवरून उतरायला जेट दोनशे किलोमीटर आधीच सुरुवात करतं.

यावरून एक गोष्ट आपोआप निघते. बर्गन ते ऑस्लो सरळ रेषेत ३२३ किलोमीटर आहे. चढायला दीड-पावणेदोनशे आणि उतरायला दोनशे लागणार असतील, तर ३६,००० फूट गाठण्यापुरती जागाच नाही. म्हणून अशा टप्प्यावर विमान खालच्या उंचीवरच समतल होतं आणि लगेच उतरू लागतं. पूर्ण वेगाचा काळ जेमतेम काही मिनिटांचा.

म्हणून माझं सूत्र असं:

जेटसाठी (एअरबस ए३२०, बोइंग ७३७, एम्ब्रेअर): वाढवलेलं अंतर भागिले ८००, अधिक ३० मिनिटं.

टर्बोप्रॉपसाठी, म्हणजे पंख्याच्या विमानासाठी (एटीआर ७२): वाढवलेलं अंतर भागिले ५००, अधिक २० मिनिटं.

एखाद्या टोकाला मोठा गजबजलेला विमानतळ असेल तर आणखी १० मिनिटं. ए३२० उंचीवर सुमारे ४५० नॉट, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. एटीआर ७२ सुमारे २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१०. डॅश ८-क्यू४०० सुमारे ३६० नॉटपर्यंत जातं, ते या दोघांच्या मध्ये धरा.

बर्गन-ट्रॉम्सो: १,२८१ भागिले ८०० म्हणजे ९६ मिनिटं, अधिक ३०, एकूण १२६. दोन तास सहा मिनिटं. सुरुवातीला पाहिलेल्या १ तास ३२ मिनिटांपेक्षा चौतीस मिनिटं जास्त. पुढचं विमान पकडायचं असेल तर एवढ्यात ते गेलेलं असतं.

आता बर्गन-ऑस्लो. ३२३ मध्ये १० टक्के मिळवून ३५५. जेटने २७ अधिक ३०, म्हणजे ५७ मिनिटं. एटीआरने ४३ अधिक २०, म्हणजे ६३ मिनिटं. फरक सहा मिनिटांचा! पंख्याचं विमान दिसलं की लोक हिरमुसतात. तीनशे-चारशे किलोमीटरच्या टप्प्यावर त्यांनी मुळीच हिरमुसू नये. या अंतरावर टर्बोप्रॉप जेटपेक्षा कितीतरी कमी इंधन जाळतं आणि छोट्या धावपट्टीवर उतरू शकतं. कित्येक गावांना विमानसेवा मिळते ती केवळ त्याच्यामुळे. हजार किलोमीटरवर मात्र तोच फरक पाऊण तासाच्या जवळ जातो, तिथे जेट निवडा.

भागाकाराची रीत किती ताणता येते ते बघायचं असेल तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे बघा. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. अंतर २.७ किलोमीटर. ८०० ने भागलं तर बारा सेकंद येतात. वेळापत्रकात दोन मिनिटं असतात, आणि अनुकूल वाऱ्यात नोंदलेला विक्रम ५३ सेकंदांचा आहे.

वारा

वर काढला तो निवांत हवेतला वेळ. वारा धरायचा तर विमानाच्या वेगात पाठीमागचा वारा मिळवा, समोरचा वजा करा.

इन्व्हर्नेस-बर्गन घ्या. अशी थेट सेवा असो-नसो, हिशेबासाठी जोडी चांगली आहे. ६१४ मध्ये ७ टक्के मिळवून ६५७ किलोमीटर. एटीआरचा वेग ५१०. या अक्षांशांवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, तो ताशी ६० धरू. जाताना वेग ५७०, हवेतले ६९ मिनिटं. येताना ४५०, हवेतले ८८ मिनिटं. त्याच मार्गावर, त्याच विमानात एकोणीस मिनिटांचा फरक.

जाताना कमावलं ते येताना गमावलं, म्हणजे बरोबरी झाली, असं धरू नका. वारा नसता तर दोन्हीकडे ७७ प्रमाणे १५४ मिनिटं लागली असती. वाऱ्यामुळे १५७ लागली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमीच फायद्यापेक्षा थोडा मोठा. वारा जोरदार असेल तर हा फरक झपाट्याने वाढतो.

वर, तीस-चाळीस हजार फुटांवर, जेटस्ट्रीम (उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा) ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो, आणि हिवाळ्यात अधिक जोरात असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं ते याच्याच पाठबळावर. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. कंपन्या वर्षात दोनदा वेळापत्रक बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पूर्व-पश्चिम मार्गावर उन्हाळ्यातला वेळ बघून हिवाळ्याचा बेत करू नका.

घड्याळ

वेळापत्रकात निघण्याचा वेळ निघण्याच्या गावचा, पोचण्याचा वेळ पोचण्याच्या गावचा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे.

स्कॉटलंडचं घड्याळ नॉर्वेच्या एक तास मागे. आपलं इन्व्हर्नेसचं विमान १०:०० वाजता निघालं आणि ब्लॉक टाइम दीड तास धरला, तर बर्गनला घड्याळात १२:३० वाजलेले असतील. वरवर अडीच तास. परतीचं विमान १३:३० ला निघालं आणि समोरच्या वाऱ्यामुळे पावणेदोन तास लागले, तर इन्व्हर्नेसला १४:१५ वाजलेले असतील. वरवर पाऊण तास. तक्ता बघून माणूस चक्रावतो. उपाय एकच: दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) बदला, मग वजाबाकी करा. आम्ही दिवसभर यूटीसीमध्येच जगायचो, भिंतीवर तेच घड्याळ मोठं असायचं. सगळे पट्टे पूर्ण तासाचे नसतात हेही ध्यानात ठेवा. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा तास.

थेट विमान नसेल तर

दोन प्रादेशिक विमानतळांमध्ये बहुधा हेच होतं. मध्ये मोठा विमानतळ येतो. मग अंतराचा हिशेब जवळजवळ निरुपयोगी होतो आणि जोडणीचा वेळ राज्य करतो.

बर्गनहून ट्रॉम्सोला ऑस्लोमार्गे गेलात तर ३२३ अधिक १,११७, म्हणजे १,४४० किलोमीटर. थेट अंतरापेक्षा फक्त अठरा टक्के जास्त. वेळ मात्र बघा. पहिला टप्पा ५७ मिनिटं, दुसरा ११८, मध्ये सव्वा तास थांबा. चार तास दहा मिनिटं. अंतर अठरा टक्क्यांनी वाढलं आणि वेळ दुप्पट झाला. ऑस्लोसाठीची दहा-दहा मिनिटं धरली तर आणखी थोडा जास्त.

प्रत्येक विमानतळ जोडणीसाठी लागणारा किमान वेळ ठरवतो आणि तिकीट देणारी यंत्रणा त्याहून कमीची जोडणी विकत नाही. पण तो किमान आहे. पहिलं विमान वेळेवर पोचलं, तुम्ही दरवाजे ओळखता आणि पाय चालते आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. बरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल, टर्मिनल बदलायचं असेल, इमिग्रेशन असेल, तर त्यावर तासभर तरी चढवा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय करायची जबाबदारी मग कंपनीकडे राहते. वेगवेगळी तिकिटं घेतलीत तर दुसरं विमान गेलं, की ते पैसे गेले.

आपला हिशेब पडताळायचा असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाची मागच्या काही दिवसांची नोंद बघा. छापलेला वेळ, हवेतला वेळ, रोज किती आधी-नंतर पोचलं, सगळं दिसतं. सगळ्यात चांगला दिवस धरू नका आणि सगळ्यात वाईटही नको. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. विमान रोज छापील वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचत असेल, तर कंपनीने वेळापत्रकात मुद्दाम सैलपणा ठेवला आहे. उशीर भरून काढायला तो उपयोगी पडतो, आणि तो असलेली जोडणी मी न असलेल्या जोडणीपेक्षा केव्हाही पसंत करीन. प्रत्यक्ष मार्गाची रेषाही तिथे बघून घ्या: कुठे वळसा आहे, कुठल्या बाजूने उतरतात, हे दोन-तीन दिवसांच्या रेषा एकावर एक बघितल्या की कळतं.

आणि जोडणीचं विमान त्या दिवसाचं शेवटचं असेल तर तो बेत बदला. छोट्या गावांना दिवसाकाठी एक किंवा दोनच उड्डाणं असतात. तेच विमान सकाळपासून चार-पाच फेऱ्या करत आलेलं असतं आणि प्रत्येक फेरीतला उशीर पुढच्या फेरीत साठत जातो. संध्याकाळपर्यंत तो पुष्कळ झालेला असतो, आणि रात्री धावपट्टी बंद होणाऱ्या विमानतळावर ते विमान जातच नाही. सकाळचं पहिलं विमान रात्रभर तिथेच उभं असतं, त्याला कुणाच्या उशिराची वाट बघायची नसते. शक्य असेल तिथे तेच घ्या.